शेवटच्या बाकावरचा मोर्तान

आमच्या सभाघराला शंभर वर्षं झाली म्हणून आमच्या ख्रिस्ती मंडळीने गेल्या वर्षी एक पुस्तिका काढली. कागद गुळगुळीत, फोटो रंगीत. तिच्यात 'सूलान'वर दोन पानं आहेत. जर्मनीत बांधलेली ही फेरीबोट वीस वर्षं आमच्या बेटांवरची माणसं, मोटारी, मेंढ्या आणि नवऱ्या मुली डेन्मार्कला आणि स्कॉटलंडला नेत-आणत राहिली, आणि मग प्रभूच्या कृपेने पुस्तकं आणि शुभवार्ता घेऊन जगभर फिरणारं मिशनचं जहाज झाली. जहाजाचं सगळं आलं. मोर्तानचं नाव कुठेच नाही. मी फोटोखालची बारीक अक्षरंही वाचली. गोदीत फुकट राबायला गेलेल्या आम्हा सहाजणांच्या फोटोत तो कडेला उभा होता, आणि फोटो बरोबर तिथेच कापलाय.

मोर्तान जाऊन आता चार वर्षं झाली. त्याच्याबद्दल लिहायचा हक्क गावात सगळ्यात कमी कोणाला असेल, तर तो मला. पण दुसरं कोणी लिहीत नाही. हा माणूस एकोणीस वर्षं सभाघरातल्या शेवटच्या बाकावर बसला, आणि त्याला तिथे मी बसवलं होतं.

आधी तो होता कसा ते सांगतो. मोर्तान 'सूलान'वर केबिनचा स्टुअर्ड होता आणि मी, देबेस, त्याच जहाजावर सुतार. गावात मोर्तान तिघे होते, म्हणून ह्याला उतारावरचा मोर्तान म्हणत. बुटका, मान जरा पुढे काढून चालणारा, हात मात्र मोठाले. चादर अशी ताणून घालायचा की तिच्यावर पट्टी ठेवून मी रेघ मारली असती. प्रवासी जिना चढून आला की त्याचं तोंड बघूनच हा सांगायचा, "शेटलंडपर्यंत टिकत नाही." मग त्याच्या उशाशी गुपचूप कोरडा पाव आणि कागदी पिशवी ठेवून यायचा. एकदा एका बिशपच्या उशाशी ठेवली. बिशप भडकला. शेटलंड यायच्या आत पहिली पिशवी भरून त्याने दुसरी मागितली.

"आहे ना, साहेब," मोर्तान म्हणाला. "तुमच्या हुद्द्याकडे बघून एक जास्तच ठेवली होती."

खोटं बोलणं त्याला जमतच नसे. कॅप्टनच्या बायकोने नवी टोपी घालून विचारलं, कशी दिसते? हा म्हणाला, "वाऱ्याने उडेल, काळजी करू नका." अशा माणसाला वरची जागा मिळायला वेळ लागतो, तसा त्यालाही लागला. पण १९८५च्या उन्हाळ्यात तो मुख्य स्टुअर्ड होणार हे सगळ्या जहाजाला माहीत होतं. त्याची बायको बिरिता हिने त्याच्या नव्या कोटाचं माप सुद्धा घेऊन ठेवलं होतं.

त्या काळी बेटांवर दारूचं दुकान नव्हतं. कर चुकता केला असेल तर डेन्मार्कहून ठरलेला वाटा मागवता यायचा, बस. आमची मंडळी त्या वाट्यालाही शिवत नसे. ज्याच्या घरात बाटली, त्याला रविवारच्या सभेत वाटली जाणारी प्रभूची भाकर नाही, इतकं सरळ होतं. अशा गावात जन्मून, अशा सभाघरात वाढून मी चोरून बाटल्या आणत होतो. खायची ददात नव्हती. माझ्या होडीला नवं इंजिन हवं होतं, शेजाऱ्याच्या इंजिनापेक्षा मोठं. काहीतरी बरं कारण असतं तर लिहितानाही जरा बरं वाटलं असतं.

केबिन तीनशे अठरामध्ये खालच्या बिछान्यामागे मी एक खोटी फळी बसवली होती. सहा स्क्रू, आणि आत पोकळी. जहाज डोललं की बाटल्या एकमेकींवर आपटून वाजायच्या, म्हणून प्रत्येक बाटलीला मी मोजा घालत असे. मोजे घरचे, माझ्या बायकोने, मार्युनने विणलेले. ह्याहून मोठा मूर्खपणा आमच्या बेटांवर कोणी केला नसेल. आमच्या बायका विणकाम वाचतात. मिशनच्या बाजारात टेबलावर पन्नास जोड पडलेले असोत, दारातूनच सांगतात कोणता कोणाच्या हातचा. मार्युन प्रत्येक टाचेत तांबड्या लोकरीचा एकच टाका घालते. दुसरं कोणी घालत नाही. मी बाटल्यांवर माझं नाव आणि घराचा पत्ता लिहून ठेवला असता तरी एवढं उघड झालं नसतं.

"इतके मोजे हरवतोस तरी कुठे?" मार्युन म्हणायची. "पाय दोनच आहेत ना तुला? वेंधळा कुठला."

त्या वर्षी मार्चमध्ये बाटल्या जास्त झाल्या. पोकळीत आठ मावल्या आणि मोजेही संपले. उरलेल्या बारा मी चादरींच्या कपाटात उशांच्या खोळींमागे सरकवल्या, एका दिवसापुरत्या. कपाटाची किल्ली मोर्तानकडे असे, आणि सुतार म्हणून सगळ्या कपाटांना लागणारी एक किल्ली माझ्याकडे. आमच्या मुख्य बंदराला, तोर्सहावनच्या धक्क्याला लागलो आणि कस्टमची माणसं थेट वर चढली. कधी नव्हे ते त्यांनी चादरी उपसल्या.

"कपाट कोणाचं?"

"माझं," मोर्तान म्हणाला.

"आणि ह्या बाटल्या?"

"माझ्या नाहीत."

"मग उशांना पिल्लं झाली वाटतं?"

कॅप्टनने मलाही बोलावलं, कारण किल्ली माझ्याकडेही होती. मी म्हणालो, किल्ली आहे, पण चादरींच्या कपाटाशी सुताराचं काय काम? त्याला ते पटलं. बाहेर आलो तर जिन्यात मोर्तान उभा. चेहरा पांढराफटक.

"देबेस, तू कोणाला बघितलंस का रे तिथे?"

तो खरंच विचारत होता. माझा संशय त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. मी म्हणालो, "नाही." एवढा एकच शब्द बोललो आणि पायऱ्या उतरून गेलो. दुसऱ्या दिवशी तीनशे अठरामध्ये जाऊन फळीचे सहाही स्क्रू जीव खाऊन आवळले आणि वरून रंग फासला. त्या आठ बाटल्यांना पुन्हा हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

मोर्तानची नोकरी गेली. तो गावातल्या मासळीच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्याशी उभा राहून मासे साफ करू लागला. मंडळीच्या वडीलजनांनी त्याला बोलावून घेतलं. त्यांतला हानुस तेव्हाही आमच्यातला सगळ्यात जाणता होता, आणि दुष्ट तर मुळीच नव्हता. त्याने हात जोडून सांगितलं, "कबूल कर, क्षमा माग, आणि येत्या रविवारी भाकर घे. कोणी पुन्हा नाव काढणार नाही."

"केलं नाही ते कबूल कसं करू?" मोर्तान म्हणाला.

"मग बाटल्या कोणाच्या?"

"मला ठाऊक असतं तर सांगितलं असतं."

झालं, तो शेवटच्या बाकावर गेला. आमच्याकडे रविवारी भाकरीचं ताट बाकाबाकावरून मागे येतं आणि शेवटच्या बाकाच्या अलीकडे वळतं. शेवटचा बाक पाहुण्यांचा, आणि ज्यांना मनाई आहे त्यांचा. कोणी ओरडत नाही की हाकलत नाही. ताट फक्त वळतं. दुसरा कोणी असता तर सरकारी चर्चमध्ये गेला असता, नाहीतर घरी कॉफी पीत बसला असता. मोर्तान दर रविवारी यायचा. टोपी गुडघ्यावर ठेवायचा, सगळ्यांबरोबर गायचा, आणि ताट वळलं की खिशातून पेपरमिंटची गोळी काढून तोंडात टाकायचा. एकदा शेजारच्या पाहुण्याने विचारलं तर त्याला म्हणाला, "तोंडाला काहीतरी काम हवं ना."

बिरिता पुढे बायकांच्या बाकांवर डोक्याला रुमाल बांधून बसायची. तिला भाकर मिळायची. नवरा-बायकोत अकरा बाकांचं अंतर. दहाव्या वर्षी ती आजारी पडली ती उठलीच नाही. शेवटच्या आठवड्यात तिने वडीलजनांना निरोप पाठवला: घरी येऊन आम्हा दोघांना एकदाच एकत्र भाकर द्याल का? आम्ही सभाघराच्या मागच्या खोलीत बसून विचार केला. आम्ही म्हणतोय, कारण तोवर मीही वडीलजनांपैकी एक झालो होतो. जहाज सोडून गावात सुतारीचं दुकान टाकलं होतं, माझ्या प्रार्थना लांब आणि सुरेख होत असत, आणि रविवारी ताट फिरवायचं काम माझ्याकडे होतं. नाही म्हणायला जे हात वर झाले त्यांत माझाही होता. मी हात खाली ठेवला असता तर कोणीतरी विचारलं असतं, का?

हे लिहून मी कागद बाजूला सारला होता. दोन दिवसांनी पुन्हा घेतलाय.

२००३मध्ये नवी, मोठी फेरी आली आणि 'सूलान' विक्रीला निघाली. कोणी म्हणे जुगाराचं जहाज होणार, कोणी म्हणे भंगारात जाणार. मग बातमी आली की एका मिशनने घेतली. आमच्या गावात दिवाणखान्यांतून माणसं रडली. ज्या जहाजाच्या बारमध्ये सगळ्या बेटांनी तोंड काळं केलं होतं, तिथे आता शास्त्र वाचलं जाणार! जहाज डेन्मार्कच्या एका गोदीत नेऊन नव्याने बांधायचं होतं. मिशनने सगळीकडच्या मंडळ्यांकडे फुकट काम करणारे कारागीर मागितले. आमच्यातून सहाजण, दोन आठवडे, पुढच्या एप्रिलात. हानुसने विचारायच्या आत माझा हात वर होता.

"बघा, देबेसचा उत्साह बघा!" हानुस म्हणाला. मला फक्त तीनशे अठरा दिसत होती.

शेवटच्या बाकावरूनही एक हात वर झाला. कोणीतरी कुजबुजलं, त्याला मनाई आहे ना?

"मनाई भाकरीची आहे," हानुस म्हणाला, "रंधा मारायची नाही."

गोदीत 'सूलान' ओळखू येत नव्हती. मोटारींच्या डेकवर पुस्तकांचं दुकान उभं राहत होतं. बारचा कट्टा उखडला होता, तिथे प्रार्थनेची खोली व्हायची होती. कॅफेटेरियात सभा भरणार होत्या. कुठल्या कुठल्या देशांतली पोरंपोरी डोक्याला रंग लावून घेत हसत काम करत होती. आम्ही घरून वाऱ्यावर वाळवलेलं मटण नेलं होतं आणि ते खिडकीबाहेर टांगलं होतं. तिसऱ्या दिवशी दोन मुली डच फोरमनला घेऊन आल्या, की भिंतीत काहीतरी मेलंय. मोर्तानने सुरीने एक पातळ तुकडा कापून त्यांच्यापुढे धरला.

"मेलंय खरं," तो म्हणाला, "पण गेल्या ऑक्टोबरात."

जहाजावर परत आला आणि तो माणूस वीस वर्षांनी लहान झाला. जिन्याच्या कठड्याला हात लावून चालायचा. कुठली कडी अडकते, कुठला नळ गळतो, सगळं त्याला पाठ. म्हणून फोरमनने त्याला आणि हानुसला तिसऱ्या डेकवरच्या केबिन मोकळ्या करायला पाठवलं, आणि मला पुस्तकांची कपाटं दिली. मी अदलाबदल मागितली.

"तू सुतार ना?" फोरमन म्हणाला. "मग कपाटं कर."

चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले आणि मी तीनशे अठरामध्ये शिरलो. स्क्रूंवर रंगाचे थर चढले होते. पाच निघाले. ते मी सवयीने जमिनीवर सरळ रांगेत मांडले. सहावा निघेना. घाबरून इतका आवळला होता की त्याची खाच झिजून गेली होती. पक्कड आणायला धावत खाली गेलो. परत आलो तेव्हा हानुस केबिनच्या दारात उभा होता आणि मोर्तान आत गुडघ्यांवर बसला होता. फळी तिरकी होऊन त्या एका स्क्रूला लोंबत होती.

मोर्तानने एक मोजा बाहेर ओढला. त्यात बाटली. त्याने मोजा फिरवून टाच पाहिली. मग जमिनीवरची स्क्रूंची रांग पाहिली. मग दारात पक्कड घेऊन उभ्या असलेल्या मला पाहिलं.

"हे काय?" हानुस पुढे वाकला. "हा मोजा... थांब, हे तर मार्युनचं विणकाम!" त्याच्या स्वतःच्या पायात त्या दिवशी मार्युनचेच मोजे होते.

मी तोंड उघडलं होतं.

"मार्युनचंच," मोर्तान म्हणाला. "मिशनच्या बाजारात घेतले होते, चार जोड. मोजे माझे आणि बाटल्याही माझ्या."

"आणि त्या बारा?"

"त्याही माझ्या."

हानुस मटकन बिछान्यावर बसला. मग उठून त्याने मोर्तानला मिठी मारली, आणि त्र्याहत्तर वर्षांचा तो माणूस ढसाढसा रडू लागला. "अरे वेड्या! एवढंच तर ऐकायचं होतं. एवढ्यासाठी एकोणीस वर्षं!"

मोर्तान त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता. "देबेस," तो म्हणाला, "तुझे स्क्रू उचल. कोणाच्या पायात जातील."

बाटल्या फोरमनने ब्रश धुवायला नेल्या. संध्याकाळी काम सुटल्यावर मोर्तान धक्क्यावर एका लाकडी खोक्यावर उकडलेला बटाटा सोलत बसला होता. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"का केलंस हे?"

"मार्युनने बिरिताला अकरा महिने सूप आणून दिलं," तो म्हणाला. "दर मंगळवारी, डबा घेऊन, चढ चढून. तिचे मोजे टेबलावर ठेवून गावाने उलटेपालटे करायचे काय? तिला बिचारीला ठाऊक तरी आहे का?"

"नाही."

"वाटलंच. तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"आजच कळलं." त्याने बटाटा मिठात बुडवला. "पण तू ताट वळवताना माझ्या बुटांकडे बघायचास. बाकीचे तोंडाकडे बघत. मला वाटायचं, बूट फाटलेत की काय. दोनदा नवे घेतले."

मी म्हणालो, घरी गेलो की पहिल्याच रविवारी उभा राहून सगळं सांगतो.

"मला कशाला सांगतोस?" तो म्हणाला. "त्यांना सांग."

नाही सांगितलं. पहिल्या रविवारी पाहुणे प्रचारक होते. दुसऱ्या रविवारी मार्युनला सर्दी होती. तिच्यासमोर सांगावं, पाठीमागे नको, असं मी स्वतःला समजावलं. तिसऱ्या रविवारी काहीच नव्हतं, तरी गप्प बसलो. असे आठ रविवार गेले. सगळं गाव मोर्तानशी हसून बोलू लागलं होतं, त्याच्या दारात केक ठेवून जात होतं. ज्यांनी चोर म्हणून एकोणीस वर्षं वाळीत टाकलं ते लोक आता चोरी कबूल केली म्हणून त्याचे हात हातात घेत होते. तो केक परत पाठवत नव्हता, पण खातही नव्हता. मेंढ्यांना घालायचा.

वडीलजनांनी ठरवलं की त्याला पुन्हा सामावून घ्यायचं ते जहाजावरच. जून महिन्यात मिशनचं जहाज तोर्सहावनला यायचं होतं. "जिथे पडला तिथेच उठेल," हानुस म्हणाला, आणि ताट फिरवायला अर्थात मी.

जहाज आलं, पांढरंशुभ्र, नव्या नावाचं. सगळ्या बेटांवरून माणसं लोटली. जुने प्रवासी पायांच्या सवयीने बारकडे वळत आणि आत गुडघे टेकलेली माणसं बघून दचकून मागे फिरत. कॅफेटेरियात खुर्च्यांच्या रांगा होत्या. एका बाजूला जहाजावरची परदेशी पोरं कानाला यंत्रं लावून बसली होती, आणि मागे आमच्याच गावची एक मुलगी बोललेलं सगळं त्यांना इंग्रजीत सांगत होती, अर्धं वाक्य मागून. मोर्तान पहिल्या रांगेत होता. अंगात कोट होता. बिरिताने माप घेऊन ठेवलं होतं, कापड तिनेच आणलं होतं आणि शिवला मार्युनने, त्याच आठवड्यात.

हानुसने भाकर मोडली. मी ताट घेऊन मोर्तानपुढे गेलो. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचे मोठाले हात गुडघ्यांवर होते. ते हलले नाहीत.

"नाही घेता येत मला," तो फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला. "मी खोटं बोललोय."

एकोणीस वर्षं खोटं बोलला नाही म्हणून त्याला भाकर मिळाली नव्हती. आता समोर होती, आणि माझ्या बायकोसाठी बोललेल्या एका खोट्यामुळे तो त्या भाकरीला हात लावत नव्हता. मी ताट धरून उभा. मागून हानुस म्हणाला, "घे, मोर्तान, घे की." ताट आता वळवायला हवं होतं; मी ते वळवलं नाही.

"बाटल्या माझ्या होत्या," मी म्हणालो.

मागची मुलगी इंग्रजीत सांगता सांगता अडखळली.

"सगळ्या वीस माझ्या. मार्युनला काही माहीत नव्हतं. मोर्तानलाही नव्हतं. मी त्याला जिन्यात खोटं सांगितलं. बिरिताने भाकर मागितली तेव्हा नाही म्हणायला मी हात वर केला."

मग त्या मुलीने घसा साफ केला आणि एकेक वाक्य परक्या भाषेत पुन्हा सांगितलं. माझ्या लोकांनी ऐकून झालं होतं, आता त्या पोरांच्या चेहऱ्यांवर ते एकेक करून उमटताना मी बघत होतो. बिरिताचं नाव मला दोनदा ऐकावं लागलं. बसावं की पळावं कळेना. हानुस आला, माझ्या हातातून ताट घेतलं, आणि माझ्याकडे न बघता मोर्तानपुढे धरलं. मोर्तानने तुकडा उचलला. बराच वेळ तो त्याच्या हातातच होता.

घरी आल्यावर मार्युन दारात म्हणाली, "आणि मी तुला वेंधळा म्हणायची." त्यानंतर तिने माझ्यासाठी मोजे विणलेले नाहीत. मी दुकानातले घालतो.

हानुस दुसऱ्याच दिवशी चढ चढून मोर्तानकडे गेला, क्षमा मागायला. मोर्तानने त्याला कॉफी दिली आणि म्हणाला, "मला काय, मी चालता-बोलता आहे. बिरिताला सांग." हानुस तिथूनच कबरस्तानात गेला. मी काही अंतर ठेवून त्याच्या मागे होतो. फाटकापर्यंत गेलो, आत पाय टाकवला नाही.

पुढच्या रविवारी मी सभाघरात शिरलो आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. कोणी सांगायची गरज पडली नाही. मोर्तानला पुढे जागा ठेवली होती. तो आला, पुढे बघितलं, आणि टोपी काढून नेहमीच्या जागी, माझ्या शेजारी बसला.

"पुढे बसायचं ना," मी म्हणालो.

"इथून दार जवळ पडतं," तो म्हणाला.

त्याच्यासाठी ताट शेवटच्या बाकापर्यंत आलं. त्याने तुकडा घेतला, डोळे मिटून खाल्ला, आणि ताट माझ्या हातात न देता, नियमाप्रमाणे, आलं होतं त्या वाटेने परत केलं. ताट वळलं. मी त्याच्या बुटांकडे बघत होतो. चांगले होते, कुठे फाटले नव्हते. त्याने पुढे बघतच कोटाच्या खिशात हात घातला आणि पेपरमिंटची एक गोळी माझ्या गुडघ्यावर ठेवली.

"तोंडात टाक," तो म्हणाला. "सभा अजून अर्धा तास आहे."